मीटरवर ७४, कानात ठणका: सांगलीच्या शांतता समितीला खुलं पत्र

प्रति,
मा. जिल्हाधिकारी, मा. पोलीस अधीक्षक, मा. महापालिका आयुक्त
आणि शांतता समितीचे सर्व सदस्य,
सांगली.

विषय: गणेशोत्सवातल्या आवाजाचं नियोजन करताना, ज्यांना साधा आवाजही दुखतो अशा नागरिकांचा विचार व्हावा, याबाबत.

महोदय,

गणपतीच्या आधी शांतता समितीची बैठक होते. आवाजाचा विषय निघतो आणि डॉल्बीला परवानगी द्यायची का, दिली तर किती वाजेपर्यंत, एवढ्यावर संपतो. एका बाजूला मंडळं, दुसऱ्या बाजूला कायदा. ज्यांचे कान रोजच्या आवाजानेही दुखतात ती माणसं तिथे नसतात, कारण खुर्च्या ओढण्याचा आणि माइकच्या शिट्टीचा आवाजच त्यांना सभागृहात बसू देत नाही. म्हणून हे पत्र. लिहिणाऱ्यांत असे रुग्ण आहेत, त्यांच्या घरची माणसं आहेत आणि कान तपासण्याचं काम करणारेही आहेत. ‘आमचा उत्सवाला विरोध नाही’ हे वाक्य असल्या प्रत्येक निवेदनात असतं, ते इथेही आहे असं समजून पुढे वाचावं.

आधी दुखणं काय आहे ते. याला हायपरॲक्युसिस म्हणतात. यात ऐकू कमी येत नाही, उलट आवाज सोसण्याची ताकद जाते. कुकरची शिट्टी, स्टीलच्या भांड्यावर पडलेला डाव, दुचाकीचा हॉर्न, शटर ओढल्याचा खडखडाट हे सगळं अंगावर येतं. काहींना आवाज नुसता असह्य मोठा वाटतो. काहींना खरोखर दुखतं: कानात सुई घुसल्यासारखी सणक, मग जळजळ, मग जबडा, गाल आणि मानेपर्यंत जाणारा ठणका. त्याच्या जोडीला कानात दडे बसतात, शिट्टी किंवा गुणगुण सुरू राहते, पडद्यामागे काहीतरी फडफडल्यासारखं वाटतं. ही फडफड मधल्या कानातल्या बारीक स्नायूंची असू शकते. मोठा आवाज आला की ते आखडतात, आणि या रुग्णांत ते लहान आवाजालाही, कधी नुसत्या धास्तीनेही आखडतात.

कोणाला होतं? डॉल्बीसमोर किंवा कारखान्यातल्या यंत्राशेजारी कान भाजून निघालेल्यांना, कानाजवळ फटाका फुटलेल्यांना, डोक्याला मार लागलेल्यांना, अर्धशिशीच्या रुग्णांना. चेहऱ्याचा लकवा झालेल्यांनाही होतं, कारण मधल्या कानातल्या रिकिबीच्या हाडाला धरून ठेवणारा स्नायू चेहऱ्याच्याच नसेवर चालतो. स्वमग्न मुलांमध्ये आवाज न सोसणं पुष्कळ दिसतं. मात्र कोणी चावताना होणाऱ्या आवाजाची चीड येणं हे वेगळं दुखणं, त्याची आणि याची गल्लत करू नये.

हे मनाचे खेळ आहेत असं म्हणणारे घरातही असतात आणि दवाखान्यातही. कानाच्या शंखातून (आतल्या कानाच्या वळणदार भागातून) मेंदूकडे जाणाऱ्या नसांपैकी सुमारे ५ टक्के नसांचा ऐकण्याशी फारसा संबंध दिसत नाही. शंखातल्या पेशींना इजा झाली की या नसा चेततात, असं २०१५ मध्ये अमेरिकेत उंदरांवर झालेल्या प्रयोगांत आढळलं. माणसाच्या कानातलं दुखणं याच वाटेने जातं हे सिद्ध व्हायचं आहे, पण कानाला स्वतःची वेदना असू शकते ही गोष्ट आता हसण्यावारी नेण्यासारखी राहिलेली नाही.

या वेदनेची एक खोड समितीने आणि विशेषतः पोलिसांनी नीट लक्षात घ्यावी. ती पुष्कळदा उशिरा येते. मिरवणूक रात्री ९ला दारावरून गेली, तेव्हा माणूस जेमतेम ठीक होता. ठणका पहाटे सुरू झाला आणि तो काही दिवस, कधी काही आठवडे राहिला. त्या काळात सोसण्याची पातळी आणखी खाली येते. कालपर्यंत चालणारा मिक्सर आज चालत नाही. ‘तेव्हाच का नाही फोन केला’ या प्रश्नाला म्हणून या रुग्णाकडे उत्तर नसतं. तक्रार करणाऱ्याची ओळख पटवण्याचा आग्रह न धरता आवाजावर कारवाई करावी, असं मुंबई उच्च न्यायालयाने जानेवारी २०२५ मध्ये पोलिसांना बजावलं आहे. ११२ वर फोन घेणाऱ्यांपर्यंत ते पोचवावं. ज्याच्या गल्लीत मंडळ, त्यानेच नाव सांगून तक्रार करायची, हे प्रत्यक्षात होत नाही.

‘मग कानात बोळे घालून दार लावून बसा’ हा सल्ला प्रत्येकाने ऐकलेला आहे. त्याचा हिशेब मांडतो. कापसाचा बोळा जवळजवळ काहीच थांबवत नाही. फोमच्या प्लगच्या पाकिटावर ३० डेसिबल लिहिलेलं असतं, पण तो आकडा प्रयोगशाळेतला. घाईत घातलेल्या प्लगसाठी तो निम्मा धरायचा, म्हणजे १५. रस्त्यावर १०५ असेल तर कानात ९० उरतात. वरून इअरमफ चढवला तर ५च्या आसपास आणखी मिळतात, दोघांची बेरीज होत नाही. त्यानंतरचा आवाज कवटीच्या हाडातून शिरतो, त्याला कोणताच प्लग अडवत नाही. प्लग घालायचीही रीत आहे: बोटांनी वळून बारीक वात करायची, दुसऱ्या हाताने डोक्यामागून कान वर आणि मागे ओढायचा, वात आत सरकवायची आणि फुगेपर्यंत अर्धा मिनिट बोटाने दाबून धरायची. हे अर्धं मिनिट ध्यानात ठेवा, पुढे लागणार आहे.

आणि प्लग कायम घालून बसणं हे औषध नाही, अपाय आहे. २००३ च्या एका प्रयोगात निरोगी माणसांना दोन आठवडे प्लग घालायला लावले तर त्यांचे कान जास्त हळवे झाले. दुसऱ्या गटाला तेवढाच काळ कानात बारीक सळसळ ऐकवली तर त्यांची सोसण्याची पातळी वाढली. आवाज कमी मिळाला की मेंदू आतून खुंटी पिळतो. त्यामुळे रुग्णाला दिवसभर हलका, एकसारखा आवाज भोवती ठेवायला सांगतात: पंखा, पाणी, सोसत असेल तर तंबोरा. ज्या मिरजेत तंबोरे बनतात तिथे एवढी सोय तरी असावी. प्लग फक्त खऱ्या मोठ्या आवाजापुरते. म्हणजे या माणसाला बारीक हिशेबाने जगावं लागतं, आणि हिशेब करायला आवाज कधी येणार हे आधी कळावं लागतं.

दार लावण्याबद्दल. डॉल्बीच्या बेसचा जोर ४० ते १०० हर्ट्झमध्ये असतो. ५० हर्ट्झच्या आवाजाची एक लाट जवळपास ७ मीटर लांब. पडदे, गाद्या, खिडकीच्या फटीत कोंबलेली चादर यांनी टॉपचा, म्हणजे वरच्या सुरांच्या स्पीकरचा, चिरका आवाज थोडा मरतो, बेस सरळ भिंतीतून येतो आणि पत्रा, काच, ताटाळं थरथरवतो. जाड भिंतीच्या जुन्या वाड्यात जरा बरं. पत्र्याच्या खोलीत राहणाऱ्याला काहीच आडोसा नाही.

आता मीटरबद्दल, आणि आमचं मुख्य म्हणणं इथेच आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रहिवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५, व्यापारी भागात ६५ आणि ५५, शांतता क्षेत्रात ५० आणि ४० डेसिबल अशी मर्यादा आहे. दिवस म्हणजे सकाळी ६ ते रात्री १०. सार्वजनिक जागेत स्पीकर लावला तर त्या जागेच्या हद्दीवर आवाज या मर्यादेपेक्षा १० ने जास्त किंवा ७५, यांतलं जे कमी असेल त्याच्या वर जाता कामा नये. हे सगळे आकडे ‘ए’ मापातले आहेत. ‘ए’ माप खालच्या सुरांना सूट देतं: ६३ हर्ट्झला २६ डेसिबल, ५० हर्ट्झला ३०. म्हणजे ६३ हर्ट्झचा बेस १०० डेसिबलने छातीवर आदळत असला तरी एकट्या त्या सुराला मीटर ७४ दाखवतो. व्यापारी भागात स्पीकरला हद्दीवरची मर्यादा ६५ अधिक १०, म्हणजे ७५. कागदोपत्री सगळं व्यवस्थित, आणि वरच्या मजल्यावरच्या माणसाचे दडे दोन आठवडे सुटत नाहीत.

यासाठी नवा कायदा लागत नाही. बंदोबस्तातल्या पथकाने प्रत्येक ठिकाणी दोन आकडे लिहावेत, एक ‘ए’चा आणि एक ‘सी’चा. बहुतेक मीटरवर ते बटण असतंच. ‘सी’ माप खालच्या सुरांना जवळजवळ पूर्ण धरतं. दोन्हींतला फरक १५ ते २०च्या वर गेला की समजायचं, इथे बेसचा मारा आहे. कारवाई ‘ए’वरच होईल, हे आम्हाला माहीत आहे, पण पुढच्या वर्षी अटी घालताना समितीच्या हातात ‘सी’चे आकडे असतील. नोंदीत वेळ, चौक, स्पीकरपासूनचं अंतर हवं. मीटर छातीच्या उंचीवर, भिंतीपासून निदान ३ मीटर लांब, माइकवर फोमची टोपी, आणि निघण्यापूर्वी कॅलिब्रेटर (ठरावीक आवाज देणारं उपकरण) लावून ९४ डेसिबल बरोबर दाखवतो का ते पाहिलेलं. मोबाइलच्या ॲपवर विसंबू नये. फोनचा माइक बोलण्यासाठी बनवलेला असतो, तो बेस गाळतो आणि मोठा आवाज दाबतो.

मंडळांनी आणि डॉल्बीवाल्यांनी करण्यासारखं बरंच आहे, आणि त्याने मिरवणुकीचा रंग उतरत नाही. शेजारी-शेजारी ठेवलेले बेसचे स्पीकर हवा एकाच दमात ढकलतात. त्यांची संख्या निम्मी केली की खालचा आवाज ६ डेसिबलपर्यंत उतरतो, आणि नाचणाऱ्याला समोर तो पुरेसाच असतो. मोकळ्या मैदानात अंतर दुप्पट झालं की आवाज ६ ने घटतो: ४ मीटरवर ११० असेल तर ८ मीटरवर १०४, १६ वर ९८. पण गावभागातल्या बोळांत हा हिशेब चालत नाही. दोन्हीकडच्या भिंती आवाज परत फेकतात, तो घटता घटत नाही. म्हणून थांबायचं असेल तर चौकात थांबा, बोळात चालते राहा. बोळात शिरण्याआधी मास्टर, म्हणजे एकूण आवाजाचा खटका, खाली घ्यावा आणि चौकात पुन्हा वर. टॉपची तोंडं खाली गर्दीकडे असावीत, पहिल्या मजल्याच्या खिडक्यांकडे नकोत.

सुरुवात एकदम फुल्ल आवाजात करू नका. शांततेतून अचानक फुटलेला आवाज सगळ्यात वाईट, कारण कानातला बचावाचा स्नायू आखडायला क्षणाचा काही भाग जातो आणि तोवर धक्का आत पोचलेला असतो. फटाका आणि ताशाची तडतड यांचं हेच आहे. त्यामुळे गाणं सुरू करताना आवाज अर्ध्या मिनिटात हळूहळू चढवावा. वर म्हटलं ते अर्धं मिनिट हेच: तेवढ्यात घरातला माणूस प्लग नीट बसवू शकतो किंवा मागच्या खोलीत जाऊ शकतो. मध्येच सायरन आणि भोंग्याचे आवाज सोडण्याची जी टूम निघाली आहे ती मात्र सरळ बंद करावी. तिच्या बाजूने बोलण्यासारखं काही आम्हाला सापडलं नाही.

जे आवाजाच्या अगदी पुढ्यात असतात त्यांचंही बोलायला हवं, कारण आमचे पुढचे रुग्ण तिथूनच येतात. कामाच्या जागी ८५ डेसिबल आठ तास, आणि पुढे दर ३ डेसिबलला वेळ निम्मी, असं अमेरिकेतली व्यवसाय-आरोग्य संस्था सांगते. त्या हिशेबाने १०० डेसिबलला १५ मिनिटं. ढोल-ताशा पथकातली पोरं, ट्रॉलीवर बसलेला ऑपरेटर, जनरेटरजवळचा माणूस आणि बंदोबस्तातला हवालदार यांचा तो कोटा पहिल्या चौकातच संपतो. पोलिसांना काठी आणि शिट्टीबरोबर प्लगही द्या. लहान मुलांना ट्रॉलीवर किंवा स्पीकरसमोर खांद्यावर घेऊन उभं राहू देऊ नका. त्यांच्या कानात फोम बसत नाही, त्यांना मफच लागतो. मिरवणुकीनंतर कानात शिट्टी वाजत राहिली तर पुढचे काही दिवस तरी कानाला विश्रांती द्यावी, लगेच दुसऱ्या गावच्या सुपारीला जाऊ नये.

वेळापत्रक हे सगळ्यात स्वस्त औषध. प्रत्येक मंडळाने आगमन आणि विसर्जनाचा मार्ग पोलिसांना दिलेला असतोच. त्यात चौकवार वेळ घालून, अर्ध्या तासाच्या फरकासह, ती यादी महापालिकेने आठ दिवस आधी संकेतस्थळावर आणि स्थानिक वर्तमानपत्रांत द्यावी. उशीर झाला की त्याच ठिकाणी कळवावं. रात्री १० ते १२ स्पीकरची सूट वर्षात जास्तीत जास्त १५ दिवस देता येते. त्या तारखांचीही अशीच आठवण द्यावी. सांगलीत पाचव्या दिवशी संस्थानच्या गणपतीची मिरवणूक, मिरजेत अनंत चतुर्दशीला सुरू होऊन दुसऱ्या दिवशीपर्यंत चालणारी, एवढं सगळ्यांना पाठ आहे. पण आपल्या दारात आवाज ७ला येणार की ११ला, हे कळलं तर रुग्ण त्या वेळेपुरता नातेवाइकांकडे जाऊन येतो. न कळल्यामुळे तो दहा दिवस गाव सोडतो, किंवा दहा दिवस प्लग घालून बसतो आणि त्याने कान आणखी हळवा करून घेतो.

मिरजेत दवाखान्यांची दाटी आहे. शांतता क्षेत्र म्हणून जाहीर झालेल्या रुग्णालयांभोवतीच्या १०० मीटरच्या हद्दी उत्सवाआधी रस्त्यावर चुन्याने आखाव्यात, म्हणजे आवाज कुठे बंद करायचा हे ट्रॅक्टरवाल्याला मान वर न करता दिसेल. फलक गर्दीत दिसत नाही.

ट्रॅक्टरवरून आठवलं. गणपती दहा दिवसांचे, गळीत हंगाम काही महिन्यांचा. उसाच्या ट्रॅक्टरवर चारी बाजूंनी स्पीकर लावून पहाटे गावातून जाणं हा आता रिवाज झाला आहे, आणि त्यात मागून आलेल्या वाहनाचा हॉर्न चालकाला ऐकूही येत नाही. परिवहन कार्यालयाने रस्त्यावर आणि कारखान्यांनी गेटवर नोंद करतानाच हे पाहावं. बुलेटच्या फटाका सायलेन्सरवर पोलीस अधूनमधून मोहीम घेतात, ती बारमाही हवी.

शेवटी मिरजेचं शासकीय वैद्यकीय महाविद्यालय आणि सांगलीचं सिव्हिल यांच्यासाठी, जिल्हाधिकाऱ्यांमार्फत. नेहमीची श्रवणचाचणी किती बारीक ऐकू येतं ते मोजते. या रुग्णांचा रिपोर्ट पुष्कळदा नॉर्मल येतो आणि त्यांना परत पाठवलं जातं. आवाज कुठे असह्य होतो त्याची वेगळी चाचणी असते. साधारण माणूस ९० ते १०० डेसिबलपर्यंत सोसतो, हे रुग्ण त्याच्या बरेच खाली हात वर करतात. ती चाचणी हळूहळू चढत, रुग्णाच्या पहिल्या इशाऱ्याला थांबून करावी, आणि ज्याला वेदना होते त्याच्यावर शक्यतो करूच नये. मधल्या कानाच्या स्नायूंची रिफ्लेक्स चाचणी ८५ ते ११० डेसिबलचे सूर सोडते, ती या रुग्णांत टाळावी. मळ काढायला सक्शनऐवजी हाताचं हत्यार वापरावं, कारण पडद्याजवळ सक्शन फार कर्कश वाजतं. एमआरआय लागलाच तर प्लग आणि मफ दोन्ही. दातांच्या दवाखान्यातही यंत्राऐवजी हाताने सफाई करता येते. यासाठी केसपेपरवर ‘आवाजाने कान दुखतो का’ एवढी एक ओळ वाढवली तरी पुरे.

या मागण्यांवर बोलायला आमच्यापैकी दोघे बैठकीला येऊ शकतात. आमचा विषय सुरुवातीला घ्यावा, तेवढ्यापुरता माइक बंद ठेवावा आणि आम्हाला दाराजवळची जागा द्यावी. ते जमणार नसेल तर या पत्राची प्रत इतिवृत्ताला जोडावी आणि ‘सी’ मापाच्या नोंदी व चौकवार वेळापत्रक या दोन गोष्टींवर काय ठरलं ते लेखी कळवावं.

आपले,
आवाजाने कान दुखणारे काही सांगली-मिरजकर, त्यांचे कुटुंबीय आणि त्यांचे कान तपासणारे